धडाम सरांची टाळी

रॉकेट पडलं की सर्वांत आधी टाळी वाजायची ती सरांची. आम्ही डोक्याला हात लावून उभे असायचो, धूर अजून निघत असायचा आणि सर टाळ्या वाजवत त्या सांगाड्याकडे चालू लागायचे. "तोंडं का पाडलीत? शिकवणी झाली. काय शिकवलं ते बघू चला." सायखेड्याच्या पोरांनी त्यांचं नाव धडाम सर ठेवलं होतं. सरांना ते आवडायचं.

आमचं रॉकेट म्हणजे माणसाच्या उंचीचं यंत्र. वर उडवायचं आणि खाली जाळ सोडत सोडत पायांवर परत उतरवायचं, म्हणजे तेच पुन्हा उडवता येईल. सर इंजिनं जोडण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले; आम्ही चारपाच जण नाशिकच्या कारखान्यांत नोकरी करणारे, रविवारचे गडी. जागा नव्हती, ती मी मिळवून दिली. सायखेड्याला माझे मेहुणे तात्या कांदा आणि झेंडू लावतात. मीच त्यांच्यापुढे हात जोडले. सर तात्यांना म्हणाले, "पडेल तेही तुमच्या रानात आणि पहिल्यांदा उतरेल तेही तुमच्याच रानात. माझा शब्द." तात्यांनी रानाच्या मधोमध एक गोल मोकळा सोडला. त्यात पुन्हा काही लावलं नाही.

यंत्रातल्या कॅमेऱ्याला उतरायची जागा दिसावी म्हणून आम्ही गोलावर चुना फासला. उतरताना जाळाच्या झोताने चुनाच उडाला, कॅमेरा आंधळा झाला आणि यंत्र आडवं. टाळी. मग वहिनींनी गोल शेणाने सारवून दिला. वाळलेल्या खपल्या उडाल्या, उंची मोजणाऱ्या सेन्सरला त्याच जमीन वाटल्या आणि इंजिन हवेतच बंद झालं. वहिनी म्हणाल्या, "सर, माझं अंगण आजवर असं कधी उडालं नाय हो!" सर पोट धरून हसले. पुन्हा टाळी.

पायांनी सगळ्यात जास्त छळलं. मोटारसायकलचे शॉकअप लावले, तर यंत्र बेडकासारखं उसळून उलथलं. शेवटी सरांनी पायात पातळ पत्र्याची नळी बसवली, आदळताच चिरडणारी. "मार पायाने खायचा, पोटाने नाही," असं ते म्हणत. त्या रविवारी यंत्र क्षणभर सरळ उभं राहिलं आणि मग कललं.

"दाजी, उभं राह्यलं हो!" तात्या ओरडले.

त्या दिवशी सर टाळी वाजवायला विसरले. एकटक पायांकडे बघत राहिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"वणीला देवीला जाऊन येतो, मग उतरवूच," म्हणून सर गेले आणि फोन बंद झाला. म्हातारा माणूस, काही झालं तर नाही ना, म्हणून मी वणीत दुकानादुकानांत त्यांचा फोटो दाखवत फिरलो. सापडले ते मोबाईलवर, परराज्यातल्या एका कंपनीच्या व्हिडिओत. रॉकेट अलगद उतरलं. पाय चिरडले, हुबेहूब आमच्या यंत्रासारखे. शेजारी कंपनीची टोपी घालून सर उभे.

खटपट करून नवा नंबर मिळवला. त्यांनी फोन उचललाही. "अरे, तुला आनंद व्हायला हवा. उतरलं ना शेवटी!"

सरांना तात्यांच्या घरात मीच आणलं होतं, म्हणून सांगायलाही मीच गेलो. तात्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"तिकडं पहिल्याच खेपेला उतरलं का?"

"हो."

"म्हंजे पडलं तेवढं सगळं आमच्या रानात."

मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर बरं झालं असतं. ते मोबाईल परत देत एवढंच म्हणाले, "दाजी, माणूस लय गुणाचा वाटला व्हता."

या हंगामात तात्यांनी कांदा लावला तो गोलाच्या कडेपर्यंत. गोल तसाच मोकळा आहे. तो कोणासाठी ठेवलाय, हे मी विचारत नाही. आणि आता तिथेही कांदा लावा, असं सांगायला माझं तोंड उघडत नाही.