कापून ठेवलेलं नाव

आमच्या कचेरीत काकांना सगळे आठवणकाका म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही. कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. तीन टेबलं, एक पंखा, आणि पंख्याखाली कोण बसणार यावरून रोजची कुरबुर. मी आणि काका दोघंही विमा एजंट. तिसरं टेबल ज्याचं होतं तो धंदा सोडून गेला, पण त्याची खुर्ची आम्ही ठेवली, गिऱ्हाईक आलं तर बसायला.

काकांच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा होता. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड. सकाळी नऊ ते दहा काका कुणाच्या बापाचे नसायचे. ज्यांच्या हप्त्याची तारीख जवळ आली त्यांची कार्डं काढायची आणि एकेकाला फोन लावायचा. हप्त्याचं नाव आधी काढतील तर शपथ! खोकला कसा आहे, मुलीचं बाळंतपण नीट झालं का, मोतीबिंदू कधी काढताय, हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी, "बरं, ते हप्त्याचं तेवढं बघा." मला वैताग यायचा. तासाभरात जेमतेम सात फोन.

"काका, तुम्ही विमा विकता की खुशाली विचारत बसता?"

"माणूस खुशाल असेल तरच हप्ता भरेल ना गं," ते म्हणायचे.

डब्यात एक कार्ड टेलरमास्तरांचं होतं. चार गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान. त्यांचा विमा साधा, मुदतीचा. मास्तर गेले तर घरच्यांना पैसे, पण हप्ता थांबला तर काही म्हणजे काही नाही. दर सहा महिन्यांनी काकांचा फोन गेला की मास्तर त्याच दिवशी हप्ता भरायचे. आपण होऊन कधीच नाही. "माझ्या डोक्यात लोकांची मापं भरलीत, तारखांना जागा नाही. तुम्ही फोन करा, मी भरतो," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. अकरा वर्षं तसंच चाललं.

पुढे लोक ओळखीच्या एजंटाला विचारेनासे झाले. विमा हवा असला की फोनवरच शोधायचे, कुठेतरी आपलं नाव, वय आणि नंबर भरायचे. ती नावं एक कंपनी गोळा करून आमच्यासारख्यांना विकायची. त्याला लीड म्हणतात. सुरुवातीला एक लीड एका चहाच्या किमतीत मिळायची. दोन वर्षांत तिला दोन माणसांच्या जेवणाचे पैसे पडायला लागले, आणि वर तेच नाव आणखी चार एजंटांना विकलेलं. यादी सकाळी नऊच्या ठोक्याला यायची. दहा मिनिटं उशीर झाला की पलीकडचा माणूस खेकसायचा, "अहो, तुम्ही पाचवे!" झालं, पैसे पाण्यात.

काकांना हे नकोच होतं. पण शाखेतून निरोप आला की वर्षअखेर बारा नव्या पॉलिसी झाल्या नाहीत तर एजन्सी बंद. "मी काय, घरी बसेन," काका म्हणाले, "पण या डब्यातल्या माणसांना फोन कोण करणार?" त्यांच्यासाठीच म्हणून काकांनी ठेव मोडली आणि नावं विकत घ्यायला लागले. नऊ ते दहाचा तास नव्या नावांकडे गेला. डब्याचं दुपारी बघू म्हणाले. दुपारी त्या नव्या लोकांच्या घरी चकरा. डब्यावर धूळ बसली ती मीच एकदा पुसली, आणि मलाही काही सुचलं नाही.

आता माझं सांगते. काकांना स्क्रीनवरचं दिसत नसे, म्हणून त्यांची यादी मी छापून द्यायची. पहिल्याच आठवड्यात त्यांना फोनवर एक बासष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांच्या गुडघेदुखीवर काका पाऊण तास बोलले, तोवर चार नावं शिळी झाली. मी चिडले. दुसऱ्या दिवसापासून यादी छापली की पन्नाशीच्या पुढची नावं कात्रीने कापून टाकायला लागले. म्हाताऱ्यांना नवा विमा महाग पडतो, ते घेत नाहीत, नुसते बोलत बसतात. धंद्यात सगळेच असं करतात, मी काही जगावेगळं केलं नाही, असं मी स्वतःला अजून सांगते. त्याचा उपयोग होत नाही.

"तू आहेस म्हणून निभतंय," काका म्हणायचे. कापलेल्या पट्ट्या मी ड्रॉवरमध्ये टाकायचे. मागची बाजू कोरी, टिपणाला बरी.

अकरा पॉलिसी झाल्या होत्या. एक राहिली होती. तेव्हा एका दुपारी टेलरमास्तरांची बायको कापडी पिशवी घेऊन आली आणि तिसऱ्या खुर्चीत बसली. मास्तर मंगळवारी गेले होते. सकाळी उठलेच नाहीत.

"हप्ता राहिला होता, भाऊजी," ती म्हणाली. "कंपनीचं पत्र आलं तेव्हा कळलं. तुम्ही सकाळी फोन करता म्हणून हेही सकाळीच तुम्हाला लावायचे. चार दिवस लावला, सारखा एंगेज. ह्यांचा पाय मुरगळलेला, जिना चढवेना. मग मुलीने फोनवरून अर्ज भरला, बंद पडलेली पॉलिसी चालू करायची म्हणून. आमचा माणूस फोन करेल असं उत्तर आलं. हे म्हणाले, झालं, आता भाऊजींचाच फोन येणार. फोन मांडीवर घेऊन बसायचे."

काकांनी डब्यातून कार्ड काढलं. शेवटच्या फोनची तारीख वाचली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

माझा हात आपोआप ड्रॉवरकडे गेला. सातवी की आठवी पट्टी. मास्तरांचं नाव, वय अठ्ठावन्न, पुढे शेरा, "बंद पॉलिसी पुन्हा चालू करणे." मास्तर जायच्या तीन आठवडे आधीची यादी. मागे माझ्या अक्षरात साबण, बल्ब, टाचण्या. पट्टी मी तिथेच दडवू शकले असते. तेवढी नीच मी नव्हते. काकांसमोर ठेवली.

काकांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मग ती वहिनींपुढे सरकवली.

"वहिनी, नाव माझ्याकडे आलं होतं. मी पैसे मोजून घेतलं होतं. आणि मीच कापून बाजूला ठेवलं."

काका "मीच" म्हणाले. मी तिथेच बसले होते, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

"म्हणजे पोचलं होतं तर," वहिनी पट्टी उलटून बघत म्हणाल्या. "हे तेच म्हणत होते. पोचलं असेल, कामात असतील."

काकांनी शाखेत खेटे घातले, पण नियम तो नियम. बाराव्या पॉलिसीसाठी त्यांनी फोन उचललाच नाही. एजन्सी गेली. शेवटच्या दिवशी डबा माझ्या टेबलावर ठेवला. "मास्तरांचं कार्ड काढू का?" मी विचारलं. "राहू दे," एवढंच म्हणाले. कात्रीबद्दल ते मला कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता नऊ ते दहा मी डबा घेऊन बसते. नवी नावं शिळी होतात, होऊ देत. सहा महिने झाले तशी तारखेप्रमाणे मास्तरांचं कार्ड हातात आलं. मी फोन लावला. वहिनींची खुशाली विचारली, डोळ्यांचं विचारलं, मुलीचं विचारलं. मग शेवटी सांगितलं, "ते नाव काकांनी नाही कापलं. मी कापलं."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मागचं अक्षर भाऊजींचं नव्हतं. त्यांचं अक्षर मला अकरा वर्षांच्या पावत्यांवरून ठाऊक आहे." आणि फोन ठेवला.

मी कार्डावर पुढच्या सहामाहीची तारीख लिहिली. त्या उचलोत न उचलोत, फोन मी करणार आहे.