शिवडीच्या खाडीवर बुजलेला थवा

परळची यशोधरा इन्शुरन्सच्या ऑफिसातून आली की भाकऱ्या थापता थापता वन्यजीव फोटोग्राफी शिकवणाऱ्या ऋग्वेद सरांचे सफारीचे व्हिडिओ बघायची. “कळप बुजला की कळपाकडे नका बघू. ज्याला बुजला त्याच्यावर कॅमेरा धरा, गोष्ट तिथे असते,” हे त्यांचं वाक्य तिला तोंडपाठ होतं.

रविवारी सरांनी तिच्यासह आपल्या विद्यार्थ्यांना शिवडीच्या खाडीवर नेलं. फ्लेमिंगो बिचारे चिखलात मुकाट खात होते.

“नुसते उभे पक्षी कोण बघणार?” म्हणत सरांनी खुशाल दगड भिरकावला. थवा घाबरून उडाला. सगळे कॅमेरे आभाळाकडे वळले.

यशोधराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी दुसरा दगड घेऊन हात उगारताच तिने कॅमेरा त्यांच्यावरच रोखला.

“अगं, पक्षी तिकडे आहेत!”

“थवा बुजलाय, सर. हात तसाच वर ठेवा.”