बनशंकरीतली 'उत्कृष्ट' गल्ली

बनशंकरीत आत्याच्या गल्लीच्या तोंडाशीच रिक्षावाल्यानं मला उतरवलं. "आत सगळी गुंडी (कन्नडमध्ये खड्डे) आहेत, साब," एवढं हिंदीत सांगून तो पसार झाला. बॅग खांद्यावर घेऊन आत शिरलो आणि बघतो तर काय, प्रत्येक खड्ड्याभोवती रांगोळी! चांगली ठसठशीत, पांढरीशुभ्र. दुचाकीवाल्यांना खड्डा लांबून दिसावा म्हणून गल्लीतल्या बायका दाराबरोबर खड्ड्यालाही रोज रांगोळी घालतात.

मी मात्र कपाळाला हात लावला. रस्त्यांची डागडुजी कुठे, कधी करायची हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमची पुण्याची कंपनी बनवते. त्याच्याच पाहणीसाठी मी आलो होतो. खड्डा बुजवला की कामगार भोवती पांढरी चौकट आखतात, हे आम्हीच त्याला शिकवलेलं. त्यामुळे रांगोळी दिसली की ते शहाणं खुशाल म्हणे, खड्डा बुजवला! या गल्लीचा शेरा काय, तर उत्कृष्ट.

आणि इकडे काका, म्हणजे आत्याचे यजमान, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून घरात अडकलेले. रिक्षा आत येत नाही, काठी टेकायला सपाट जागा नाही. "देवळापर्यंत तरी जाऊन आलो असतो रे," तट्टे इडली (ताटलीएवढी इडली) चिवडत ते म्हणाले. मी आत्याकडे वळलो.

"आत्या, उद्या सकाळी रस्त्याचे फोटो घ्यायला आमची कॅमेऱ्याची गाडी येतेय. एक दिवस रांगोळी नको."

"दारातलीपण?"

"कुठलीच नको."

"स्वल्प (जरा) विचित्रच आहे हो तुझं मशीन. सरी (बरं), सांगते सगळ्यांना."

सकाळी गल्ली एकदम कोरी. मी खूश. पण दारात रांगोळी नाही म्हणजे घरात कुणीतरी गेलं, हा हिशेब फुलवालीनं केला. अख्खी गल्ली कोरी म्हणजे गेलेला माणूस मोठाच! आणि कित्येक महिने न दिसलेलं माणूस कोण? आमचे काका. बघता बघता आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं हार घेऊन दारात हजर. एका बाईनं आत्याच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

आतून काका ओरडले, "अहो, मी कॉफी पितोय!"

कुणाचा विश्वास बसेना. काका भडकले. "मला बाहेर न्या. बघू देत सगळ्यांना!" चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. आणलेले हार वाया कशाला घालवायचे, म्हणून कुणीतरी तेही काकांच्या गळ्यात घातले.

नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची गाडी आली. चालकानं हार बघितले, रडणारी बाई बघितली, गाडी थांबवली आणि खाली उतरून हात जोडले.

काका वरून कन्नडमध्ये म्हणाले, "नमस्कार, अण्णा. रस्ता कधी करताय?"

चालक मटकन खड्ड्यातच बसला. त्याला उठवून मी गाडीत कोंबलं. "बाजूला व्हा हो, खड्डे दिसू द्या!" असं बोंबलत सगळ्यांना भिंतीशी सारलं, तेव्हा कुठे गाडी गचके खात पार झाली.

पुण्यात परतलो आणि पडद्यावर गल्ली लालभडक उमटलेली पाहिली. मी नाचलोच! रस्ता वाईट निघाला म्हणून ऑफिसात पेढे वाटणारा मी पहिलाच असेन. मग खालची ओळ वाचली. डांबरीकरण, पुढच्याच्या पुढच्या वर्षी. एवढं जाऊन, अख्ख्या गल्लीला सुतकात घालून मी मिळवलं काय? स्वतःचाच राग आला.

तोंड पाडून आत्याला फोन लावला. "काकांना दे, त्यांची माफी मागायचीय."

"ते घरी कुठं आहेत?" आत्या म्हणाली. "ते चौघं रोज खुर्ची उचलून देवळात नेतात त्यांना. तुझ्या डांबराची वाट बघत कोण बसतंय?"