आप्पांचा निरोप समारंभ

ज्या माणसाला आम्हाला कायमचं घालवायचं होतं, त्याचा आम्ही आमच्याच हॉलमध्ये शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला. हार निशिगंधाचा होता, चांगला जाड. समारंभ वेळेवर सुरू झाला.

मी घरांचे प्लॅन काढते. नाशिकला इंदिरानगरात आमचा फ्लॅट आहे, त्यातली मागची खोली म्हणजे माझं ऑफिस. धंद्याला वीस वर्षं झाली. हात बरा आहे, हिशेब चोख आहे, फक्त एक खोट आहे. मला 'नाही' म्हणता येत नाही. 'बघू', 'करूया की', 'जमवते', एवढेच शब्द देऊन देवाने मला पाठवलंय. भाजीवाला न विचारता मेथीची तिसरी जुडी पिशवीत कोंबतो, तेव्हासुद्धा मी त्याला थँक यू म्हणते!

अशा बाईच्या दारात आप्पा आले.

आप्पा म्हणजे सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. त्यांना मखमलाबादकडच्या प्लॉटवर दोनमजली बंगला बांधायचा होता. माणूस अगदी देवमाणूस. (हीच तर अडचण! खडूस असता तर माझ्या नवऱ्याने, शिरीषने, कधीच दोन शब्द सुनावले असते.) येताना कांद्याची गोणी आणायचे, सासूबाईंची तब्येत विचारायचे, चहाला नावाजायचे आणि मग चष्मा लावून प्लॅन बघायचे.

"ताई, प्लॅन एक नंबर शे. काहीच बदलायचं नाय."

"खरंच?"

"खरंच. फक्त जिना तेवढा तिकडं सरकवा."

जिना म्हणजे काय कपाट आहे, दोन माणसं लावून सरकवायला? जिना हलला की बाथरूम स्वयंपाकघरात शिरतं, स्वयंपाकघर देवघरावर जातं आणि देव पार्किंगमध्ये येऊन उभे राहतात. हे मी आप्पांना समजावून सांगायची. आप्पा मान डोलवायचे. "बरोबर शे ताई तुमचं. पन बघा जमतं का." आणि माझं तोंड, मला न विचारता, "बघू" म्हणून मोकळं व्हायचं.

जिना उत्तरेला गेला, पश्चिमेला गेला, घराबाहेर गेला, पुन्हा घरात आला. एकदा तर आप्पा म्हणाले, "ताई, बिनजिन्याचा दोनमजली बंगला नाय का व्हत?"

"मग वर कसं जाणार, आप्पा?"

"ते मागून बघू."

त्यावरही मी "विचार करते" म्हणाले! आणि केलाही. दोन दिवस!

राग यायचा हो, प्रचंड यायचा. पण तो आप्पांवर कसा काढणार? आप्पा गेले की मी स्वयंपाकघरात जायची आणि धुऊन पालथी घातलेली कढई पुन्हा घासायला घ्यायची. दात ओठ खात, कोपरापर्यंत फेस करून. सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "जिना हलला वाटतं? मग तो तवाही घे." त्या दिवसांत आमच्या घरातली भांडी इतकी लखलखत होती, की पाहुणे चौकशी करत नवीन घेतली का म्हणून.

हे असंच चाललं असतं. पण एका बुधवारी गावितबाईंचा फोन आला.

गावितबाई पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. गावाने जागा दिली होती आणि शाळेला वाचनालय बांधायचं होतं. त्यांना माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं.

"मॅडम, मोठं काय नको. एक खोली. पन पोरांना पाय पसरून वाचता आलं पायजे. आणि खिडक्या अशा, की खिडकीत बसून वाचता यावं. जमंल?"

फोन कानाला धरून मी तशीच उभी राहिले. पोरांनी खिडकीत बसून वाचायची इमारत! कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानावर मी हेच काढत बसायची. वीस वर्षांत बंगले काढले, बाथरूम काढली, गाड्यांना जागा काढली, पण असं काम कुणी दिलं नव्हतं. ते मला हवं होतं. दुसऱ्या कशासाठी इतका जीव तुटल्याचं मला आठवत नाही.

"फक्त सोमवारी सांगा मॅडम. काम लगेच धरायचंय. तुमी मोकळ्या नसाल तर मंग चार भिंती उभ्या करून वर पत्रा टाकतील लोक."

आणि मोकळी तर मी नव्हतेच. आप्पांचा जिना त्या दिवशी आग्नेयेला होता.

"सरळ फोन कर आणि काम सोडते म्हणून सांग," शिरीष म्हणाला. मी केला. दहा मिनिटं बोलले. फोन ठेवला तेव्हा जिना नैर्ऋत्येला गेला होता.

"थांब, मी सांगतो," म्हणून शिरीष फोन घेऊन गॅलरीत गेला. आतून मला त्याचे हातवारे दिसत होते, अगदी ठाम. परत आला तो जरा ओशाळून. "ते रविवारी येतायत. मी म्हटलं, जेवायलाच या."

आता नानांनी पेपर बाजूला ठेवला. नाना म्हणजे माझे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. "तुम्हाला माणसं घालवता येत नाहीत," ते म्हणाले. "मी छत्तीस वर्षं घालवली. हट्टी शिक्षक घालवले, शिपाई घालवले, खुर्ची न सोडणारा एक अध्यक्ष घालवला. भांडून कुणी जात नाही, अनघा. त्याचा सत्कार करायचा. खांद्यावर शाल पडली, की माणूस समजतो आपलं झालं. मग तो परत येत नाही."

"नाना, पण त्यांचा बंगला अजून उभा नाही. सत्कार कशाबद्दल?"

"सहकार्याबद्दल! सगळे सत्कार सहकार्याबद्दलच असतात."

वेगळा उपाय सुचत नव्हता, म्हणून मी मान डोलवली. (दुसरं मला येतं काय?) एकच अट घातली. भाषणाचं शेवटचं वाक्य स्पष्ट हवं. नानांनी ते कागदावर लिहिलं: 'यापुढे आपल्या बंगल्याचं काम अनघा पाहू शकणार नाही, तरी आमच्या शुभेच्छा सदैव आपल्या पाठीशी आहेत.' मी ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पाठ झालं होतं.

रविवारपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलं. नाना म्हणाले, पाच माणसांशिवाय टाळ्या नीट वाजत नाहीत, म्हणून त्यांनी त्यांची सकाळची फिरायला जाणारी मंडळी बोलावली. ती अकरा निघाली. सासूबाईंनी साध्या जेवणाचं श्रीखंड-पुरी केलं. "घालवायचं झालं तरी माणसाला गोड नको का?" खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी नवा स्पीकर घेतला होता आणि त्याला कार्यक्रम मिळत नव्हता. ते माइकसकट वर आले. आमचा हॉल केवढा, तर तीन पावलं टाकली की टीव्हीवर आपटतो. तिथे माइक!

आप्पा आले, सोबत त्यांच्या पत्नी, काकू. दारातच थबकले.

"कोनाचा कार्यक्रम शे?"

"तुमचाच!" नाना कडाडले, आणि अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी काकूंकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून खाली फरशीकडे बघितलं. मला वाटलं, संकोच असेल.

शाल झाली, नारळ झाला, हार झाला. नाना बोलायला उभे राहिले. आणि इथेच घात झाला, कारण नानांना निवृत्तीनंतर माइक पहिल्यांदाच मिळत होता!

"कोण हा माणूस?" नानांनी सवाल टाकला. "ज्याने एका जिन्यासाठी दिशा पालथ्या घातल्या! लोक मिळेल त्या पायरीवर समाधान मानतात. आप्पांनी मानलं नाही!" टाळ्या. "आज चिकाटी कुठे पाहायला मिळते?" पुन्हा टाळ्या. नानांचा आवाज चढला, मग कापला, मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मी कागदाकडे बघत होते. शेवटचं वाक्य जवळ आलं. नानांनी ते वाचलं, मनातल्या मनात, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"असा हा ऋणानुबंध," नाना माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "जन्मोजन्मी टिको!"

मी त्यांचा झब्बा ओढला. त्यांना वाटलं मला बोलायचंय. त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

पूर्ण सोसायटीने ऐकलं ते माझं भाषण असं: "मी काय बोलणार... म्हणजे... बघू... करूया की."

मग आप्पा उठले. शाल सावरली.

"लोक शाल घेऊन येतात ते देनगी मागायला," ते म्हणाले. "काही न मागता कोनी शाल दिली, अशी ही पयली." "ताई, आता लपवत नाय. आज मी तुमचं काम काढून घ्यायला आलतो."

टाळ्यांसाठी वर गेलेले अकरा जणांचे हात तसेच राहिले.

"माझा भाचा इंजिनियर झाला. बहीन म्हनते, बंगला त्याच्याकडनंच बांध. दोन महिने तुम्हाला सांगायला येतोय. तुमच्या सासूबाईंचा चहा पितो, तुमचं बोलनं ऐकतो, तोंड उघडत नाय. मंग म्हटलं, असे बदल सांगू की ताई कटाळून सोताच सोडतील. बिनजिन्याचा बंगला सांगितला! तरी ताई म्हने, विचार करते!"

"मी यास्ले सांगेल व्हतं," काकू बसल्या जागेवरून आप्पांकडे बोट दाखवत म्हणाल्या, "ही बाई लई चिवट शे."

आणि मी इतके दिवस अख्ख्या नाशकात सांगत फिरत होते, मला किती अवघड गिऱ्हाईक मिळालंय म्हणून!

"पन आता या शालीनंतर कोनत्या तोंडानं काम काढू?" आप्पांनी डोळे पुसले. "भाच्याला नाय सांगतो. बंगला तुमीच बांधायचा, ताई. शेवटपर्यंत!"

काय टाळ्या पडल्या! जोशीकाकांनी आनंदाच्या भरात आवाज वाढवला. सगळ्यात जोरात नाना टाळ्या वाजवत होते. शिरीष भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मला ती खिडकी दिसत होती, आणि तिच्यावर हळूहळू पत्रा चढताना दिसत होता.

माइक अजून माझ्याच हातात होता.

"नाही," मी म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने घुमलं, की मीच दचकले. तरी पुन्हा म्हणाले, "नाही, आप्पा. भाच्यालाच द्या. मला हे काम सोडायचंय. हा सत्कार त्यासाठीच होता."

आप्पांनी शालीकडे बघितलं. नारळाकडे बघितलं. "म्हंजे हे सगळं मला घालवायला?"

"हो," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. लाज वाटत होती. या माणसाने माझ्या घरी कधी रिकाम्या हाताने पाऊल टाकलं नव्हतं. "तुमच्यावर राग नाही हो आप्पा. माझा राग फक्त जिन्यावर आहे." मग वाचनालयाचं, पोरांचं, खिडक्यांचं सगळं सांगून टाकलं, माइकवरच.

आप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हेही रडतायत. पण ते हसत होते! शाल घसरून पडेपर्यंत हसले. "मंग आधी सांगायचं ना, ताई! दोन महिने माझी झोप उडाली!" काकूंनी उठून माझे दोन्ही हात धरले आणि श्रीखंड आण म्हणाल्या. दोघं पोटभर जेवले. नाना तर समाधानाने म्हणाले, "बघितलंस? गेला की नाही?"

सोमवारी सकाळी मी गावितबाईंना हो म्हटलं. आठ दिवसांत प्लॅन काढला आणि पेठचा घाट चढून स्वतः घेऊन गेले. बाईंनी तो टेबलावर पसरला, खिडकीवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं. म्हणाल्या, "हेच पायजे. काय बदलू नका."

काहीच बदलायचं नाही? असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी आले तरी करमेना. दुसऱ्या दिवशी फोन केला, "नीट बघितलंत ना? खिडकीतला बसायचा ओटा थोडा रुंद हवा का?" त्या म्हणाल्या, "नाय मॅडम, छान हाय." तरी रुंद ओट्याचा एक प्लॅन काढून पाठवला, असू दे हाताशी म्हणून. मग दार उलट्या बाजूला असलेला एक पाठवला. मग कपाटं भिंतीत घेतलेला एक. चौथ्याला उत्तर आलं नाही.

गुरुवारी बाईंचा फोन आला, पण माझ्या नाही, शिरीषच्या मोबाईलवर. तो ऐकत ऐकत माझ्याकडे बघायला लागला आणि त्याने स्पीकर चालू केला.

"...साहेब, तुमीच मॅडमना जरा समजावा. पयलाच प्लॅन बरा हाय. मीच सांगितलं असतं, पन एवढ्या प्रेमानं पाठवतात, तोंडावर नाय म्हनवत नाय."