पाहुण्यांची आंबील

ताकात शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास आला की राणीसावरगावचं येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं शेतातलं जेवण आठवतं. त्या वर्षीही सासूबाईंनी माझी आंबील पाहुण्यांना वाढली आणि घरच्यांना धाकट्या जावेची. ‘आपलं केलेलं घरात कुणाला नकोच असतं,’ हे माझं लहानपणापासूनचं पालुपद मनात सुरू झालं. संध्याकाळी आंबिलीचे डेरे विसळताना जाऊ फणकारली, “लय नशीबवान तुमी, बाई! दरसाली तुमचीच पाहुण्यांपुढं जायलीय. माझी आपली घरच्या घरी!” म्हणजे दिवसभर आम्ही दोघी एकमेकींवर जळत होतो. बाळांनो, तुमचा फोन आधी दुसऱ्या आजीला गेला की ते पालुपद आजही सुरू होतं. मग मी जावेला फोन लावते. ती विचारते, “काय बाई, परत आंबील?”