हात मागं बांधून शिकवणारी बाई

सन २००२, माझं वय चौपन्न. सणसवाडीच्या कंपनीत मी ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर होतो. काट्याला कॉम्प्युटर जोडला आन् साहेब म्हणाला, "ज्याला हे जमणार न्हाई, त्यानं उद्यापास्नं झाडू धरायचा." माझं डोकंच फिरलं.

शिकवायला पुण्याची बाई आली, माझ्या लेकीच्या वयाची. मी चुकलो की साहेब माऊस हिसकून घ्यायचा. ही मात्र हात मागं बांधून नुसती उभी.

मी खेकसलो, "हात लावून दाखवा की!"

"नाही मामा. मी हात लावला, की साहेब म्हणणार, मामांना येत नाही."

माझा राग गेला न्हाई, तिच्यावरनं साहेबावर वळला. संध्याकाळी ती गेली; पुन्हा कधी दिसली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले, साहेब बोंबलत राहिला, आन् मी एकेक अक्षर हुडकत पहिल्या गाडीची पावती काढली.