बांधीची वरची वीत

"लोकाचा कचरा माझ्या बांधीत मले नाई पाहिजे," असं बायनाबाई एकदा म्हणाली, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

मूल तालुक्यात धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. विधवा बायनाबाईची एकच बांधी, खोलगट आणि निकस. वर्षाचं भात त्यातूनच निघायचं. वरच्या अंगाची बांधी धाकट्या दिराची, देवाजीची. ती उंच, त्यामुळे बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं, पाणी तिच्यात चढत नसे. देवाजीने ठरवलं, ट्रॅक्टरने वरची वीतभर माती खरवडायची आणि खाली वहिनीच्या बांधीत लोटून द्यायची.

त्याच उन्हाळ्यात कृषी सहायक स्वाती मॅडम मातीचे नमुने घ्यायला आल्या होत्या. देवाजीच्या बांधीतल्या एकाच खड्ड्यातून वरची आणि खालची अशा दोन पिशव्या भरताना त्या म्हणाल्या, "खतातून टाकलेलं स्फुरद वरच्या थरातच चिकटून बसतं. खाली फारसं उतरत नाही." देवाजी तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. पाणी द्यायला आलेली बायनाबाई रिकामा गडवा घेऊन उगाच उभी राहिली.

जमीन आपली आठवण वरच्या वितीतच ठेवते. खाली नुसतं वय असतं.

देवाजी विनवायला आला तर ते कचऱ्याचं वाक्य ऐकवून बायनाबाई रुसून बसली.

"वहिनी, तुमच्या बांधीचा फुटका धुरा बांधून देतो."

"आन पाण्याची मोरी?"

"मोरीपण."

एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून तिने मान हलवली. वहिनीला पटवल्याच्या आनंदात देवाजीने दोन खेपा जास्तच लोटल्या.

पुढे देवाजीच्या बांधीत पाणी छान थांबलं, धानही तिथेच थांबलं: खुजं, काळपट हिरवं, फुटवे नाहीत. खाली बायनाबाईच्या धानात माणूस बसला तर दिसू नये. देवाजीने माती तपासून घेतली. स्फुरद अत्यंत कमी. त्याने समाजमंदिरात माणसं जमवली.

"वहिनी, माझी माती वापस द्या."

"न्या ना, भाऊजी. फक्त माझी तिथीच राहू द्या. कोणती कोणाची, ते निवडून घ्या."

"तांदळातले खडे निवडतेत तशी निवड, देवाजी," मागे बसलेला गावातला मुखरू म्हणाला. लोक हसले.

तंटामुक्तीचे अध्यक्ष झाडूभाऊ मात्र हसले नाहीत. "सारा कस वरच्या मातीत रायते, हे माहीत नसतानी घेतली असन, तर माती बाईची. माहीत असून घेतली असन, तर अर्धी वापस द्या लागन. सांगा बाई, तुमाले माहीत होतं का?"

बायनाबाई रुसायची, सोंगं करायची, पण समोरून विचारल्यावर खोटं कधी बोलायची नाही, हे गावाला ठाऊक होतं. देवाजी पुढे वाकला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, झाडूभाऊंकडे पाहिलं, पदर सावरला, दाराशी चपला शोधल्या आणि निघून गेली.